दशपुराचा बंधुवर्मा

मध्य प्रदेशातील मंदसोर हे शहर शिवना नदीच्या काठावर वसले आहे. त्याचे प्राचीन नाव दशपूर. इ.स. ४३६ च्या हिवाळ्यात, पौष शुद्ध त्रयोदशीला, या नगरीत एका सूर्यमंदिराची प्रतिष्ठापना झाली. मंदिर उभारले होते रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीने. त्या वेळी उत्तर भारतावर गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताचे साम्राज्य होते आणि दशपुरात त्याचा मांडलिक या नात्याने राज्य करीत होता औलिकर घराण्यातील राजा बंधुवर्मा.

ते मंदिर काळाच्या ओघात नाहीसे झाले. मागे राहिला तो शिवनेकाठच्या महादेव घाटावर सापडलेला एक शिलालेख. वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेल्या ४४ संस्कृत श्लोकांच्या या प्रशस्तीत सम्राटाच्या वाट्याला एकच श्लोक आला आहे. चार समुद्रांचा कमरपट्टा ल्यालेल्या पृथ्वीवर कुमारगुप्त राज्य करीत असताना, एवढे सांगून कवी त्याच्यापासून पुढे सरकतो आणि दशपूर, तेथील विणकर आणि बंधुवर्मा यांच्याकडे वळतो. मात्र या लेखातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे ती त्यातील वर्षाची मोजणी. मंदिराच्या प्रतिष्ठापनेचे वर्ष म्हणून तेथे ४९३ हा आकडा दिला आहे आणि तो मालवगणाच्या परंपरेप्रमाणे मोजला असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. गुप्तांच्या स्वतःच्या संवताप्रमाणे तेव्हा ११७ च्या सुमाराचे वर्ष चालू होते. सम्राटाचे नाव मान्य करणाऱ्या या राज्याने सम्राटाचे वर्ष मात्र स्वीकारले नव्हते. बंधुवर्म्याची कारकीर्द समजून घ्यायची तर या आकड्यामागचा इतिहास पाहावा लागतो.

मालव हे मुळात राजाचे राज्य नव्हते, तो एक गण होता. इ.स.पूर्व ३२६-३२५ च्या सुमारास शिकंदर पंजाबातून परतत असताना ज्या लढवय्या जमातीने त्याला जबर जखमी केले, त्या ग्रीक लेखकांच्या मल्लोई म्हणजेच मालव, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पुढील शतकांत हे लोक दक्षिणेकडे सरकत राजस्थानात आले. टोंक परिसरातील नगर या ठिकाणी त्यांची तांब्याची चिमुकली नाणी हजारोंनी सापडली आहेत. त्यांतील अनेकांवर कोणा राजाचे नाव नाही, मालवांचा जय असो अशा अर्थाची अक्षरे आहेत.

या मालवांचा एक जुना उल्लेख महाराष्ट्रातही कोरलेला आहे. नाशिकजवळच्या पांडवलेणी येथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी आपण गेलो आणि आपल्या आगमनाच्या नुसत्या आवाजानेच मालव पळाले, असे उषवदात त्यात अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्याने पुष्कर तीर्थावर स्नान करून ३००० गाई आणि एक गाव दान दिले. त्याच लेखात त्याने ज्या गावांत धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या यादीत भरुकच्छ, गोवर्धन आणि शूर्पारक यांच्या जोडीने दशपुराचेही नाव येते. म्हणजे पुढे मालवांची राजधानी ठरलेली ही नगरी त्या काळी त्यांच्या शत्रूच्या औदार्याचे स्थान होती.

मालव खचले मात्र नाहीत. इ.स. २२५-२२६ मध्ये राजस्थानातील नांदसा येथे एका मालव नायकाने यज्ञ करून दगडी यूप उभारला. त्या यूपावर २८२ हे वर्ष आहे आणि त्याला कृत असे नाव दिले आहे. हीच वर्षगणना पुढे मालवगणाची म्हणून ओळखली जाऊ लागली. ती मुळात कोणी सुरू केली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वायव्येकडील शक राजा अय याच्या कालगणनेशी तिचे नाते अनेक अभ्यासक जोडतात. मूळ कोठलेही असो, ती जिवंत ठेवली मालवांनी. राजा बदलला की वर्षाची मोजणी नव्याने सुरू होण्याच्या त्या काळात राजाविना चालणारी ही गणना त्यांच्या एकपणाची खूण बनली.

चौथ्या शतकात गुप्तांची सत्ता वाढली. अलाहाबाद येथील स्तंभावरील प्रशस्तीत समुद्रगुप्तापुढे नमलेल्या गणांची यादी आहे. मालव, आर्जुनायन, यौधेय, मद्रक, आभीर, सनकानीक अशी ती नावे आहेत. सर्व प्रकारचे कर देणे, आज्ञा पाळणे आणि वंदनासाठी दरबारी हजर होणे अशा तीन अटी त्यांच्यावर होत्या. यातील अनेक गण पुढे इतिहासातून जवळजवळ पुसले गेले. काहींनी वेगळी वाट धरली. विदिशेजवळच्या उदयगिरी लेण्यात सनकानीकांच्या एका महाराजाचा लेख आहे. त्याने इ.स. ४०१-४०२ मध्ये आषाढ शुद्ध एकादशीला तेथे दान दिले. तो स्वतःला सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या चरणांचे ध्यान करणारा म्हणवतो आणि वर्ष ८२ असे देतो. ते वर्ष गुप्तांचे आहे. गणाचे नाव राहिले, पण काळ सम्राटाचा झाला.

याच सुमारास दशपुरात औलिकर घराणे पुढे आले. जयवर्मा, सिंहवर्मा, नरवर्मा आणि विश्ववर्मा अशी त्यांची परंपरा. नरवर्म्याचा मंदसोर येथील लेख मालवगणाच्या ४६१ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ४०४ चा आहे. त्याचा मुलगा विश्ववर्मा याच्या काळातील लेख राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात गंगधार येथे मिळाला. त्यावर ४८० हे वर्ष आहे, म्हणजे तो इ.स. ४२३-४२४ चा. विश्ववर्म्याचा मंत्री मयूराक्षक याने तेथे विष्णूचे मंदिर, मातृकांचे देवालय आणि एक विहीर करवली. या दोन्ही राजांच्या लेखांत गुप्त सम्राटाचे नाव स्पष्टपणे आढळत नाही. ते गुप्तांच्या प्रभावाखाली होते असे मानायला जागा आहे, पण अंकित म्हणून मिरवण्याची त्यांची तयारी दिसत नाही.

बंधुवर्मा हा या नरवर्म्याचा नातू आणि विश्ववर्म्याचा मुलगा. इ.स. ४२४ ते ४३६ या दरम्यान केव्हातरी तो गादीवर आला. त्याच्या हाती आलेले राज्य माळव्याच्या पश्चिम भागात, गुजरातची बंदरे, उज्जयिनी आणि राजस्थान यांना जोडणाऱ्या मार्गांवर वसले होते. पाटलिपुत्राच्या सम्राटांना हा मार्ग हवा होता. दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिमेकडील शक क्षत्रपांची सत्ता मोडून काढल्यापासून गुजरात आणि माळवा हा साम्राज्याचा समृद्ध भाग झाला होता. दक्षिणेस वाकाटकांचे राज्य होते आणि तेथेही चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या अल्पवयीन मुलांच्या नावाने कारभार पाहिला होता. अशा परिस्थितीत दशपुरासारख्या लहान राज्याला तटस्थ राहणे शक्य नव्हते. आजोबा आणि वडिलांच्या लेखांत जे झाकलेले राहिले होते, ते बंधुवर्म्याच्या काळात उघड झाले. औलिकरांच्या उपलब्ध लेखांत गुप्त सम्राटाचा ठळक, निःसंदिग्ध उल्लेख प्रथम येतो तो या सूर्यमंदिराच्या लेखात.

मांडलिकत्व म्हणजे अपमान, असा अर्थ त्या काळी सरसकट घेतला जात नसे. सम्राटाला कर आणि युद्धप्रसंगी सैन्य द्यायचे, त्याचे सार्वभौमत्व मान्य करायचे आणि आपल्या मुलखात आपला न्याय व आपली व्यवस्था चालवायची, असा तो व्यवहार होता. मात्र त्यात एक धोका होता. मोठ्या राज्याच्या छायेत लहान समाजाची ओळख हळूहळू विरघळून जाते. सम्राटाची नाणी, सम्राटाचा संवत, सम्राटाच्या पदव्या एकामागून एक येत राहतात आणि दोन-तीन पिढ्यांत मूळ नाव केवळ आठवणीपुरते राहते. बंधुवर्म्यासमोरचा खरा प्रश्न हा होता. लढून साम्राज्याला थोपवणे त्याच्या कुवतीत नव्हते. आपल्या लोकांचे जे होते ते किती राखता येईल, एवढेच त्याच्या हाती होते.

त्याच्या राज्याचे जे चित्र हाती लागते, ते रणांगणाचे नाही. ते आहे हातमागांचे. लाट देशात, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेत, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी होती. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. तिला स्वतःचे नियम असत, ठेवी घेण्याचा आणि व्याज देण्याचा अधिकार असे. नाशिकच्या त्याच दहाव्या लेण्यात उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून गुंतवल्याची नोंद आहे. एका श्रेणीत २००० कार्षापणे शेकडा दरमहा एक आणि दुसरीत १००० कार्षापणे शेकडा दरमहा पाऊण या दराने त्याने ठेवली. राजघराण्याने विश्वासाने पैसा ठेवावा, एवढी अशा संघांची पत होती.

लाट देशातील विणकर आपला बागबगिच्यांचा, देवालयांचा आणि विहारांचा प्रदेश सोडून दशपुराला आले. आधी मनाने आणि मग देहाने, मुलाबाळांसह आणि आप्तांसह, वाटेतील हालअपेष्टा सोसत ते आले, असे वत्सभट्टी वर्णन करतो. दशपूरच्या राजांच्या गुणांनी त्यांना ओढून आणले, असे तो म्हणतो. प्रशस्तीतील स्तुतीचा भाग वगळला तरी एक गोष्ट उरते. भरभराटीचा व्यवसाय असलेला संघ उगाच गाव सोडत नाही आणि नव्या गावी आसरा मिळाल्याशिवाय स्थिरावत नाही. दशपूरच्या राजांनी या परक्या लोकांना पोटच्या मुलांप्रमाणे वागवले, अशी नोंद त्या लोकांनीच करून ठेवली आहे.

नव्या नगरीत हे विणकर कसे रुजले, याचे प्रशस्तीतील वर्णन प्राचीन भारताच्या सामाजिक इतिहासात दुर्मीळ आहे. त्यांच्यातील काही जण धनुर्विद्येत निपुण झाले, काही कथाकथनात रमले, काहींनी धर्मचर्चेत नाव मिळवले, काही ज्योतिषात प्रवीण झाले, तर काही रणात पराक्रम गाजवू लागले. उरलेल्यांनी वाडवडिलांचा माग सोडला नाही. एकाच श्रेणीतील लोक इतक्या निरनिराळ्या वाटांनी जात होते आणि तरीही संघ म्हणून एकत्र होते. त्यांना आपल्या मालाचा अभिमानही कमी नव्हता. तारुण्य, कांती, सुवर्णहार, विडा आणि फुले सर्व काही असूनही रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याखेरीज स्त्री प्रियकराच्या भेटीला जात नाही, असा आशय कवीने त्यांच्या प्रशस्तीत गुंफला आहे. व्यापारी जाहिरातीचा इतका जुना आणि इतका रसिक नमुना क्वचितच सापडेल.

या श्रेणीने आपल्या कमाईतून सूर्याचे उंच शिखराचे मंदिर बांधले. ते राजाने बांधून दिले नव्हते. बंधुवर्म्याच्या वाट्याला श्रेय येते ते वेगळ्या कारणाने. आप्तांना बंधूसारखा, प्रजेच्या दुःखात सहभागी होणारा, शत्रूंचा गर्व उतरवणारा असे त्याचे वर्णन येते. अशी विशेषणे त्या काळातील बहुतेक राजांना लावली जात. मात्र येथे ती कोणी आणि केव्हा लावली, याला महत्त्व आहे.

प्रतिष्ठापनेनंतर ३६ वर्षांनी, मालवगणाच्या ५२९ व्या वर्षी, म्हणजे इ.स. ४७३ मध्ये फाल्गुन शुद्ध द्वितीयेला या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. मधल्या काळात अन्य राजे होऊन गेले आणि मंदिराचा एक भाग मोडकळीस आला, असे प्रशस्ती सांगते. त्या ३६ वर्षांत बरेच काही घडले होते. कुमारगुप्ताच्या अखेरच्या दिवसांत साम्राज्य हादरले. त्याच्या मुलाला, स्कंदगुप्ताला, हूणांशी झुंजावे लागले. स्कंदगुप्तानंतर केंद्रसत्ता आणखी दुबळी झाली. वाकाटक नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल आणि मालवचे राजे मानत होते, असा दावा त्याच्या मुलाच्या बालाघाट ताम्रपटात आहे. दशपुरात इ.स. ४६७ च्या सुमारास प्रभाकर नावाचा राजा होता आणि तो स्वतःला गुप्तवंशाच्या शत्रूंचा नाश करणारा म्हणवत होता. बंधुवर्म्याची कारकीर्द तोपर्यंत संपली होती.

वत्सभट्टीची प्रशस्ती रचली गेली ती या जीर्णोद्धाराच्या वेळी. म्हणजे बंधुवर्म्याचे गुणगान त्याच्या दरबारात झाले नव्हते. त्याला खूश करून काही मिळवण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. इ.स. ४७३ मध्ये दशपुरात कोणाची सत्ता होती, त्याचे नावसुद्धा विणकरांनी या लेखात घातले नाही. जुन्या दिवसांचा राजा मात्र त्यांनी बापासह आठवणीने नोंदवला. सत्तेवर असलेल्याला वगळून सत्तेवर नसलेल्याची स्तुती कोरणे, ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती. परक्या मुलखातून आलेल्या कारागिरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने आपल्या आश्रयदात्याचे ऋण असे फेडले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. दोन्ही तारखा त्यांनी मालवगणाच्या गणनेत दिल्या. हे लोक मूळचे मालव नव्हते, लाटातून आले होते. सम्राटाचा संवत वापरायला त्यांना कोणतीच अडचण नव्हती. तरीही दशपुरात वर्ष मोजायचे ते मालवांच्या रीतीने, हे त्यांनी आपलेसे केले होते. मालवांची ओळख केवळ रक्ताच्या नात्याने टिकली नव्हती. तिने नव्याने आलेल्यांनाही सामावून घेतले होते, म्हणून ती टिकली. हे ज्यांच्या राजवटीत घडले, त्या राजांत बंधुवर्म्याचे स्थान मोठे आहे.

यानंतर सहा दशकांत चित्र पार पालटले. औलिकरांच्याच दुसऱ्या शाखेतील प्रकाशधर्म्याने हूण राजा तोरमाणाचा पराभव केला. रिस्थल येथे मिळालेल्या इ.स. ५१५ च्या लेखातून ही गोष्ट उजेडात आली. त्यानंतर यशोधर्म्याने हूण राजा मिहिरकुलाला आपल्यापुढे नमवले आणि मंदसोरजवळ सोंदणी येथे प्रचंड जयस्तंभ उभारले. गुप्तांनी ज्या प्रदेशांचा कधी उपभोग घेतला नाही, तेही आपल्या ताब्यात आहेत, असे त्याने त्यांवर कोरवून घेतले. एकेकाळी सम्राटासमोर वंदनाला उभे राहणारे दशपूर आता सम्राटांशी स्वतःची तुलना करू लागले होते. यशोधर्म्याच्या इ.स. ५३२ च्या लेखातही वर्ष मालवांचेच आहे, ५८९.

अर्वाचीन काळात बंधुवर्मा दोन मार्गांनी परत आला. एक मार्ग साहित्याचा. हिंदीतील थोर साहित्यिक जयशंकर प्रसाद यांनी १९२८ मध्ये स्कंदगुप्त हे नाटक प्रसिद्ध केले. त्यात बंधुवर्मा हा मालवचा उदार राजा आहे. देश एकसंध राहावा म्हणून तो आपले राज्य स्कंदगुप्ताच्या हाती सोपवतो आणि हूणांशी लढताना वीरमरण पत्करतो. शिलालेखात याला आधार नाही, ती नाटककाराची कल्पना आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या त्या दिवसांत मोठ्या ध्येयापुढे लहान राज्य अर्पण करणारा राजा प्रसादांना हवा होता. हिंदी भाषक प्रदेशातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना बंधुवर्मा माहीत आहे तो या रूपात.

दुसरा मार्ग इतिहास संशोधनाचा. एकोणिसाव्या शतकात गुप्त राजांचे अनेक लेख वाचले गेले होते, पण त्यांतील वर्षे कोणत्या काळापासून मोजायची, यावर तीव्र वाद होता. गुप्तांचा काळ शंभर-दोनशे वर्षे मागेपुढे सरकत होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानांनीही या वादात भाग घेतला. मुंबई इलाख्यात अधिकारी असलेल्या जॉन फ्लीट यांनी मंदसोरचा हा लेख अभ्यासला आणि १८८८ मध्ये गुप्तांच्या लेखसंग्रहात तो सविस्तर प्रसिद्ध केला. एकाच लेखात कुमारगुप्ताचे नाव आणि मालवांचे ४९३ हे वर्ष एकत्र आल्यामुळे सम्राटाचा काळ एका स्वतंत्र मापाने तपासता आला. गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९-३२० चा, या निष्कर्षाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. बंधुवर्म्याच्या राज्यात सम्राटाचा संवत वापरला गेला असता, तर हा लेख त्या वादात फारसा उपयोगी पडला नसता. मांडलिकाने जपलेल्या आकड्याने सम्राटाला इतिहासात त्याची जागा मिळवून दिली.

गुप्तांचा संवत पुढे लोप पावला. मालवांची गणना मात्र चालत राहिली. नवव्या शतकापासून तिला विक्रमाचे नाव जोडलेले दिसू लागते. राजस्थानातील धौलपूर येथील ८९८ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ८४२ चा लेख हे त्याचे जुने उदाहरण आहे. उत्तर भारतात आणि गुजरातेत आजही विक्रम संवत चालतो. शालिवाहन शक मानणाऱ्या महाराष्ट्रातील पंचांगांतही दिवाळीच्या पाडव्याला विक्रम संवताच्या नव्या वर्षाची नोंद असते. त्या दिवशी नव्या वह्या पुजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून जे वर्ष लिहिले जाते, ते दशपूरच्या विणकरांनी मंदिराच्या शिळेवर कोरवलेल्या त्याच मोजणीतले पुढचे वर्ष असते.